रक्तातला 'ध'चा 'मा'

मराठी माणसाला 'ध'चा 'मा' म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. १७७३ साली पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मूळ पत्रात नारायणरावांना 'धरावे' असे लिहिले होते आणि कोणीतरी 'ध' खोडून तेथे 'मा' केला, ही आख्यायिका आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. इतिहासकार तिच्याविषयी काय म्हणतात, तो विषय वेगळा. अटकेच्या हुकुमातील एक अक्षर बदलले तर तो मृत्यूचा हुकूम होतो, एवढीच गोष्ट आज आपल्या कामाची आहे. कारण आपल्या विदर्भातील कितीतरी घरांत, अक्षरशः रक्तात, असाच एक 'ध'चा 'मा' पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्याचे नाव सिकलसेल.

सिकलसेलविषयी यापूर्वीही या सदरात लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत बहुतेकांचा प्रश्न एकच होता : 'हा आजार नेमका होतो कशामुळे?' कोणी खाण्यापिण्याला दोष देतो, कोणी विहिरीच्या पाण्याला, कोणी पूर्वजन्मीच्या पापाला, आणि बऱ्याच घरांत दोष दिला जातो तो सुनेला. म्हणून आज औषधगोळ्यांच्या आधी या आजाराचे मूळ समजून घेऊ. विषय थोडा शास्त्रीय आहे, पण धीराने वाचल्यास कोणालाही कळेल असा आहे.

चार अक्षरांची भाषा

आपले शरीर ज्या पदार्थांनी बनले आहे आणि ज्यांच्या बळावर चालते, त्यांत प्रथिनांचे स्थान सर्वांत वरचे. स्नायू, केस, पाचकरस, रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये, ही सगळी प्रथिनेच. रक्ताला लाल रंग देणारे आणि फुप्फुसांतून प्राणवायू उचलून शरीरभर पोहोचवणारे हिमोग्लोबिन हेही प्रथिनच.

कोणते प्रथिन कसे बनवायचे, याची लेखी आज्ञा प्रत्येक पेशीच्या केंद्रात असते. ही आज्ञा म्हणजे जनुक. जनुकाची भाषा मोठी गमतीची आहे. तिच्यात अक्षरे फक्त चार : ए, टी, जी आणि सी. शब्द सगळे तीन अक्षरी. प्रत्येक शब्दाचा अर्थ 'अमुक अमिनो आम्ल जोडा' एवढाच. अमिनो आम्ले मुख्यतः वीस प्रकारची आहेत. सोनाराच्या पेटीत वीस प्रकारचे मणी आहेत आणि चिठ्ठीतील एकेक शब्द वाचून तो एकेक मणी ओवत जातो, अशी कल्पना करा. ओवून तयार झालेली माळ म्हणजे प्रथिन.

मात्र माळ ओवली की काम संपत नाही. सरळ दोऱ्यासारख्या माळेचा शरीराला उपयोग नसतो. नऊवार लुगडे घडीत असते तेव्हा नुसते कापड असते, नेसल्यावरच त्याला रूप येते. तसेच प्रथिनाची माळ वळून, दुमडून, स्वतःभोवती गुंडाळून एक ठरावीक आकार घेते. हा आकार कोण ठरवतो? मण्यांचा क्रम. काही मणी पाण्यात रमणारे असतात, ते बाहेरच्या बाजूला राहतात. काही तेलकट स्वभावाचे, ते पाण्यापासून तोंड लपवून आत दडतात. काहींवर विजेचा धन भार असतो, काहींवर ऋण. ओढाओढ होऊन शेवटी जो आकार स्थिरावतो, त्या आकारामुळेच प्रथिनाला त्याचे काम करता येते. किल्लीचे दाते जसे कापलेले असतील तसेच कुलूप उघडते. दाता बिघडला की किल्ली अडते, नाहीतर भलतीकडे अडकते.

सहावा मणी

आता हिमोग्लोबिनकडे वळू. हा रेणू चार माळांचा बनलेला असतो : दोन 'अल्फा' आणि दोन 'बीटा'. अल्फा माळेत १४१ मणी असतात, बीटा माळेत १४६. एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू दाटीवाटीने भरलेले असतात. ही दाटी लक्षात ठेवा, तिचा पुढे संबंध येणार आहे.

बीटा माळेची आज्ञा आपल्या अकराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर लिहिलेली आहे. १४६ मणी म्हणजे १४६ शब्द, म्हणजेच ४३८ अक्षरे. त्यांत सहावा मणी सांगणारा शब्द आहे 'जीएजी'. त्याचा अर्थ, ग्लुटामिक आम्ल नावाचा मणी जोडा. सिकलसेलमध्ये या शब्दातील मधले अक्षर बदललेले असते. 'ए'च्या जागी 'टी' येतो आणि शब्द होतो 'जीटीजी'. त्याचा अर्थ, व्हॅलिन नावाचा मणी जोडा. ४३८ अक्षरांपैकी एक अक्षर आणि १४६ मण्यांपैकी एक मणी. बाकी सारे जसेच्या तसे.

एवढ्याने काय बिघडते? ग्लुटामिक आम्ल हा पाण्यात रमणारा, ऋण भाराचा मणी आहे. व्हॅलिन तेलकट आहे. माळेची घडी पडल्यावर हा सहावा मणी रेणूच्या बाहेरच्या अंगाला येतो. म्हणजे जिथे पाणी आवडणारा मणी हवा, तिथे तेलाचा ठिपका बसला.

फुप्फुसात प्राणवायू घेतलेला असेपर्यंत या रेणूचे वागणे नेहमीसारखे असते. तो प्राणवायू उचलतो, वाहून नेतो, सोडतोही. पण प्राणवायू सोडला की हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो, आणि हे प्रत्येक निरोगी माणसातही घडते. या बदललेल्या आकारात रेणूच्या अंगावर एक तेलकट खोबण उघडी पडते. निरोगी रक्तात त्या खोबणीत बसायला कोणी नसते. सिकलसेलच्या रक्तात शेजारच्याच रेणूवर तो तेलकट व्हॅलिन पुढे आलेला असतो. बटणाला काज मिळावे तसा तो खोबणीत जाऊन बसतो. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे रेणू एकमेकांना चिकटत जातात आणि लांब, ताठ दोर तयार होतात. मऊ पिशवीत काड्या कोंबल्या तर पिशवी जशी ताणून वाकडी होईल, तशी गोल तांबडी पेशी ताणली जाते आणि विळ्याच्या आकाराची होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून नाव सिकलसेल.

हे कळले कसे?

१९१० साली अमेरिकेतील शिकागो शहराचे डॉ. जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडिजमधील ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात अशा विळ्यासारख्या पेशी दिसल्याची नोंद प्रसिद्ध केली. पेशी वाकड्या आहेत हे दिसले, पण त्या का वाकतात ते कळायला आणखी ४० वर्षे लागली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतप्रवाहात ठेवून पाहिले. ते निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकले. म्हणजे दोष पेशीच्या आवरणात नव्हता, तो आतल्या प्रथिनात होता. त्यांनी याला 'रेणूचा आजार' म्हटले. असा शब्द वैद्यकात नवीनच होता.

रेणूत नेमके काय बदलले, हे इंग्लंडमधील केंब्रिज येथे व्हर्नन इनग्राम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवले. त्यांनी हिमोग्लोबिनचे लहान तुकडे केले आणि कागदावर पसरवले. निरोगी आणि रोगी, दोन्हींच्या तुकड्यांचे ठिपके जवळजवळ तंतोतंत जुळले. एकच ठिपका सरकलेला होता. त्या तुकड्यात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन सापडले. जनुकातील बदलामुळे प्रथिनातील एखादाच मणी बदलतो, हे जगाने प्रथम पाहिले ते सिकलसेलच्या रक्तात.

भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळला. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे निरीक्षण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. म्हणजे आपल्या भागात हा आजार असल्याचे वैद्यकाला ठाऊक होऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे.

सगळ्या चुका सारख्या नसतात

जनुकातील अक्षर बदलण्याला उत्परिवर्तन म्हणतात. हा शब्द ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. आपल्या प्रत्येकाच्या जनुकांत असे अनेक बदल असतात आणि बहुतेकांचा काही त्रास नसतो. 'आणि' हा शब्द कोणी 'आणी' असा लिहिला तर गुरुजी गुण कापतील, पण वाचणाऱ्याला अर्थ कळतोच. तसेच 'जीएजी'चे 'जीएए' झाले तरी त्याचाही अर्थ ग्लुटामिक आम्ल असाच होतो. प्रथिनात काहीच फरक पडत नाही.

त्याच सहाव्या जागी व्हॅलिनऐवजी लायसिन नावाचा मणी आला तर 'हिमोग्लोबिन सी' तयार होते. ते पश्चिम आफ्रिकेत आढळते. लायसिन तेलकट नसल्याने ते त्या खोबणीत बसत नाही. दोन्हीकडून हा दोष मिळालेल्याला सहसा सौम्य रक्तक्षय होतो, विळे होत नाहीत. जागा तीच, मणी वेगळा, परिणाम वेगळा.

कधी चुकीमुळे वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडतो आणि माळ अर्धवट राहते, किंवा आज्ञाच नीट वाचली जात नाही. अशाने बीटा माळा कमी बनतात वा बनतच नाहीत. तो आजार थॅलसेमिया. सिकलसेलमध्ये प्रथिन पुरेसे बनते, पण चुकीचे वागते. थॅलसेमियात प्रथिनच अपुरे पडते. आणखी एक तऱ्हा सिस्टिक फायब्रोसिस या आजारात दिसते. त्यात बहुतेकदा १४८० मण्यांच्या माळेतील एकच मणी गळालेला असतो. त्यामुळे घडी नीट पडत नाही आणि पेशी आपलेच प्रथिन निकामी समजून मोडीत काढते.

त्रास कशाचा होतो?

निरोगी तांबडी पेशी लवचिक असते. आपल्यापेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही ती अंग चोरून निघून जाते. विळ्यासारखी ताठ पेशी अडकते. तिच्यामागे दुसरी, तिसरी. बैलबाजाराच्या दिवशी अरुंद गल्लीत एक बंडी आडवी झाली की मागची रांग थांबते, तसे. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तेथे असह्य वेदना सुरू होतात. हाडे, सांधे, पाठ, छाती, पोट, कोठेही. लहान बाळाच्या हातापायांवर दुखरी सूज येते. पुष्कळदा याला 'वात' समजून शेक आणि लेप चालू राहतात आणि वर्षे निघून जातात.

दुसरा त्रास रक्तक्षयाचा. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याची पेशी जेमतेम १० ते २० दिवस. नवे रक्त बनवण्याचा वेग कमी पडतो. फुटलेल्या पेशींतील रंगद्रव्यामुळे डोळे पिवळे दिसतात. मग पुन्हापुन्हा 'कावीळ' उतरवली जाते, पण ही कावीळ यकृताची नसून रक्ताची असते.

तिसरा त्रास जंतुसंसर्गाचा. जंतूंशी लढणारी प्लीहा लहानपणीच वारंवार मार खाऊन निकामी होत जाते. म्हणून सिकलसेलच्या लहान मुलाचा ताप हा साधा ताप समजू नये.

सूचना कोठून आल्या?

रुग्णांना आम्ही डॉक्टर सांगतो : पाणी भरपूर प्या, थंडीपासून जपा, तापाकडे दुर्लक्ष करू नका, दम लागेपर्यंत काम करू नका. अनेकांना हे नेहमीचे सांगणे वाटते. पण यातील प्रत्येक सूचना त्या सहाव्या मण्यातून निघाली आहे.

रेणूंचे दोर बनायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पेशी केशवाहिनीतून निसटून फुप्फुसात परत पोहोचली, तर प्राणवायू मिळताच दोर विरघळतात. म्हणजे सारी शर्यत वेळेची आहे. पेशीतले पाणी कमी झाले की मघाशी सांगितलेली दाटी वाढते, आणि दाटी थोडी वाढली तरी दोर कितीतरी पट लवकर बनतात. म्हणून पाणी. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडायला किंवा रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या रुग्णाने पाण्याची बाटली विसरणे म्हणजे संकटाला आमंत्रण. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि पेशींचा प्रवास मंदावतो. म्हणून पहाटे धानाच्या बांधीत उभे राहणे किंवा नदीत फार वेळ डुंबणे टाळायचे. ताप, जुलाब आणि उलट्या यांनी शरीरातील पाणी घटते. अतिश्रमात आणि उंच पर्वतावर प्राणवायू कमी पडतो. कारण समजले म्हणजे पथ्य पाळणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

वाहक म्हणजे रोगी नव्हे

प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एकाच प्रतीत चूक असेल तर त्या व्यक्तीला वाहक म्हणतात. अहवालावर 'एएस' असे लिहिलेले असते. अशा व्यक्तीच्या पेशींत चांगले हिमोग्लोबिन जास्त असते, त्यामुळे नेहमीच्या जीवनात दोर बनत नाहीत. वाहक शेती करतो, कबड्डी खेळतो, पूर्ण आयुष्य जगतो. दोन्ही प्रतींत चूक असेल तर 'एसएस', म्हणजे आजार.

इतका त्रासदायक दोष निसर्गात टिकला कसा? याचे उत्तर १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दिले. वाहक मुलांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. ज्या रानावनात हजारो वर्षे मलेरियाने मुले नेली, तेथे वाहक मुले अधिक संख्येने तगली आणि त्यांच्याबरोबर हे अक्षरही टिकले. विदर्भातील जंगलपट्टी आणि नंदुरबारकडील सातपुडा यांचा मलेरियाशी जुना संबंध आहे, हे आपण जाणतोच. तेव्हा हे अक्षर म्हणजे कुळाचा कलंक नव्हे. पूर्वजांनी मलेरियाशी दिलेल्या झुंजीची ती खूण आहे. आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण जास्त आहे. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार अनुसूचित जमातींत ८६ जन्मांमागे सुमारे एका बाळाला हा आजार असतो. पण आपल्याकडे इतर अनेक समाजांतही तो आढळतो. जात पाहून तपासणी टाळू नये.

दोष कोणाचा?

काही वर्षांपूर्वी एक तरुण आई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मुलगा महिन्यातून दोनदा तळमळत असे. सोबत सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात सात पिढ्या असा रोग नाही जी, डॉक्टरसाहेब. हे हिच्या माहेराहून आलं." मुलाचे वडील गप्प उभे होते. सुनेला कायमची माहेरी पाठवायची बोलणी घरात सुरू झाली होती.

मी तिघांचेही रक्त तपासायला सांगितले. मुलगा 'एसएस' निघाला. आई 'एएस' आणि वडीलही 'एएस'. मी कागदावर दोन प्रतींचे चित्र काढून सासूबाईंना दाखवले. म्हटले, "मावशी, आईकडून एक अक्षर आले, बापाकडून एक आले. दोन्हीकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही. आणि तुमच्या मुलाचे अक्षर आले कोठून? तुमच्याकडून किंवा तुमच्या यजमानांकडून." त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग माय रक्त बी पाहून घ्या जी." त्यांचा अहवालही 'एएस' आला. वयाची साठी उलटेपर्यंत त्यांना त्याचा कधी त्रास झाला नव्हता. त्यानंतर सून घरीच राहिली आणि मुलाला पाणी पाजण्याची, थंडीत अंगभर कपडे घालण्याची जबाबदारी सासूबाईंनी स्वतःकडे घेतली.

हिशेब अगदी साधा आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक. एकच जण वाहक आणि दुसरा निर्दोष असेल तर आजारी मूल होत नाही. निम्मी शक्यता वाहकाची, निम्मी निर्दोषाची. मात्र जोडीदाराला थॅलसेमियाचा दोष असेल तरी त्रास होऊ शकतो, म्हणून त्याचीही तपासणी करून घ्यावी.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लग्न जुळवताना पत्रिका पाहता तशी दोघांची सिकलसेल तपासणीही पाहावी. वाहक मुलीने किंवा मुलाने लग्न करू नये, असे मुळीच नाही. त्यांनी जोडीदाराची तपासणी तेवढी आधी करून घ्यावी. दोघेही वाहक असून लग्न झालेले असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना भेटावे. गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयांत होऊ शकते.

तपासणी आणि उपचार

पहिली चाचणी सोपी आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन औषधाच्या पाण्यात मिसळतात. त्या औषधाने प्राणवायू निघून जातो आणि सिकलचे हिमोग्लोबिन विरघळेनासे होते. पाणी गढूळ होते आणि नळीमागील कागदावरच्या रेघा दिसत नाहीत. मात्र वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी करावीच लागते. त्यांतील इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे पॉलिंग यांनी १९४९ साली वापरलेलीच युक्ती. नुसत्या पहिल्या चाचणीवर घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची सुरुवात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून झाली. त्यात बाधित भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले आणि तपासणीनंतर कार्ड देण्याची व्यवस्था केली गेली. आपल्या आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही रुग्णांनी लक्षात ठेवावे.

उपचारांत हायड्रॉक्सियुरिया हे औषध महत्त्वाचे. गर्भात असताना बाळाच्या रक्तात वेगळे, 'गर्भावस्थेतील' हिमोग्लोबिन असते. त्यात बीटा माळा नसतात, म्हणून ते दोरात सामील होत नाही. म्हणूनच सिकलसेलचे बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसते. हायड्रॉक्सियुरिया हे जुने हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. या औषधाने वेदनेचे झटके बरेच कमी होतात, हे १९९५ साली अमेरिकेतील मोठ्या पाहणीत सिद्ध झाले. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासत घ्यायचे असते. मूल होऊ द्यायचे असेल तर पती-पत्नींनी आधी डॉक्टरांशी बोलावे. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी, लहान मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकल लस.

जुळणारे भावंड मिळाल्यास अस्थिमज्जा रोपणाने आजार मुळापासून बरा होऊ शकतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाच्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. गंमत अशी की, या उपचारात ते चुकलेले अक्षर दुरुस्त करत नाहीत. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनला लागलेला लगाम कापतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली, म्हणजे आपल्या आवाक्याच्या फारच बाहेर. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेतही याच दिशेने संशोधन चालू आहे.

वाचकांचे काही प्रश्न

*सिकलसेल एकमेकांपासून लागतो का?* नाही. एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने किंवा स्पर्शाने तो लागत नाही. तो फक्त जन्मतः येतो.

*रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या द्याव्यात का?* तपासल्याशिवाय नको. पेशी फुटल्या तरी त्यांतले लोह शरीरातच राहते, आणि वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात ते जास्तही होते.

*पहिले मूल आजारी झाले, म्हणजे पुढची तीन निर्दोष होतील ना?* तसे नाही. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडवले जाते. शक्यता दर वेळी चारांत एक.

*जडीबुटीने रक्त शुद्ध होऊन आजार जातो का?* मज्जेतील प्रत्येक मूळ पेशीत ते अक्षर लिहिलेले आहे. काढा पिऊन अक्षर बदलत नाही. अशा नादात हायड्रॉक्सियुरिया बंद केलेले रुग्ण गंभीर अवस्थेत दवाखान्यात येतात.

*रात्री-अपरात्री दवाखान्यात केव्हा न्यावे?* ताप, छातीत दुखून धाप लागणे, अचानक पांढरेफटक पडणे, डाव्या बरगडीखाली पोट फुगणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे, पुरुषांत शिस्नाला तासन्‌तास दुखरा ताठरपणा येणे, किंवा घरच्या गोळीने न थांबणारी वेदना. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. सोबत कार्ड न्यावे.

चार माळांच्या रेणूत घडलेला एवढासा बदल माणसाच्या हाडांपर्यंत, लग्नापर्यंत आणि घरातील बोलाचालीपर्यंत पोहोचतो. ते अक्षर आपण लिहिलेले नाही, म्हणून त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. ते आपल्यात आहे की नाही, हे मात्र एका थेंबात कळते. येत्या आठवड्यात घरातील लग्नाच्या वयाच्या प्रत्येकाने तो थेंब द्यावा, एवढीच विनंती.

(पुढील आठवड्यात : थॅलसेमिया आणि रक्तदान)